लग्नानंतरची पहिली सणावळ: घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत, नोकरी आणि परीक्षा सांभाळून

लग्नानंतरचं पहिलं वर्ष म्हणजे प्रत्येक सण ‘पहिला’. मंगळागौर झाली, गौरी-गणपती झाले, आता जरा उसंत मिळेल असं वाटतं, तोच पितृपंधरवडा सरतो आणि घट बसायची वेळ येते. तिथून तुळशीच्या लग्नापर्यंतचे सहा आठवडे नव्या जोडप्याची खरी परीक्षा पाहतात. शिवाय दोघांपैकी एकाची खरीखुरी परीक्षाही नेमकी तेव्हाच असते.

भाड्याच्या वन किंवा टू बीएचकेत दोघंच राहतात, एकाची नोकरी आहे, दुसऱ्याचं शिक्षण चालू आहे (एम.एड., एम.एस्सी., सीएची आर्टिकलशिप, काहीही), आणि सासर-माहेर दोन वेगळ्या गावांना आहे, अशा जोडप्यांसाठी हे लिहिते आहे. घरात सासूबाई असतील तर निम्म्या गोष्टी आपसूक होतात. इथे त्या फोनवर आहेत असं धरून चालू या.

आधी कॅलेंडर

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, ज्येष्ठ महिना अधिक आल्यामुळे सगळे सण लांबले आहेत. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा ते ८ नोव्हेंबरला आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून सण दरवर्षी तेवढे अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की मागच्या वर्षी दिवाळीनंतर झालेली परीक्षा यंदा दिवाळीच्या आधी किंवा अगदी तोंडावर येऊ शकते. ‘दरवर्षी दिवाळीनंतरच असते’ यावर विसंबू नका.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर या तारखांना गोल करा: घटस्थापना ११ ऑक्टोबर, रविवार. दसरा २० ऑक्टोबर, मंगळवार. कोजागिरी २५ ऑक्टोबर, रविवार. धनत्रयोदशी ६ नोव्हेंबर, शुक्रवार. नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, ८ नोव्हेंबर, रविवार. पाडवा १० नोव्हेंबर, मंगळवार. भाऊबीज ११ नोव्हेंबर, बुधवार. तुळशीचं लग्न २१ ते २४ नोव्हेंबर.

आता वेगळ्या रंगाच्या पेनाने त्याच पानांवर परीक्षा, प्रोजेक्ट जमा करायच्या तारखा, ऑफिसचं रिलीज, तिमाहीचं क्लोजिंग टाका. दोन रंग जिथे एकमेकांवर चढतात तिथेच भांडणं होणार आहेत. ती जागा सप्टेंबरमध्येच दिसली तर बरं.

मग दोन फोन, आणि तेही आपापल्या घरी

सगळ्यात महत्त्वाचा नियम हा: आपल्या आईशी आपणच बोलायचं. सुनेने सासूला ‘आम्हाला नऊ दिवस जमणार नाही’ असं सांगणं आणि मुलाने आईला तेच सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलाचं बोलणं चिडचिडीवर निभावतं, सुनेचं वर्षानुवर्षं लक्षात राहतं. जावयालाही हेच लागू. दिवाळसणाला यायला जमणार की नाही, हे मुलीने आपल्या आईवडिलांना सांगावं. जावयाने परस्पर नकार कळवायचा नाही आणि होकारही नाही.

फोनवर मोघम ‘नवरात्रात काय करायचं?’ असं विचारू नका. उत्तर ‘सगळंच’ असं येतं. नेमकं विचारा. आपल्याकडे घट बसतात का, की मोठ्या घरीच बसतात आणि आपण फक्त तिथे जायचं? नऊ दिवसांचा उपास की उठता-बसता? अखंड दिवा असतो का? माळ कशाची? सवाष्ण-कुमारिका कोणत्या दिवशी? नैवेद्याला कांदा-लसूण चालतो का? नव्या सुनेचं वेगळं काही असतं का? या शेवटच्या प्रश्नाला विसरू नका. कोकणस्थांकडे लग्नानंतर पहिली पाच वर्षं अष्टमीला महालक्ष्मीची पूजा असते. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करतात, रात्री घागरी फुंकतात. हे अष्टमीच्या आदल्या संध्याकाळी कळलं तर रजा कुठून आणणार?

पुष्कळ घरांत कुळाचार थोरल्याकडे एकाच ठिकाणी असतो. तसं असेल तर तुमच्या फ्लॅटवर वेगळा घट बसवायचं बंधनच नसतं. नुसता देवापुढे दिवा आणि फुलं पुरतात. नवी जोडपी हे विचारतच नाहीत आणि हौसेने सगळं अंगावर घेतात. हौस असेल तर जरूर करा, पण सक्ती समजून नको.

विचारायला अवघड वाटणारी एक गोष्ट आधीच बोलून घ्या. नवरात्रात पाळी आली तर काय? पूर्वापार तोडगा आहेच: पूजा आणि माळ नवऱ्याने करायची. तुम्ही दोघं पाळत नसाल तर तेही दोघांनी मिळून ठरवा. मुद्दा इतकाच, की नवऱ्याला पहिल्या दिवसापासून सगळी पूजा करता आली पाहिजे.

तिकिटं गणपतीतच

रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. शनिवार, ७ नोव्हेंबरला निघायचं असेल तर खिडकी ८ सप्टेंबरला उघडते. भाऊबीज करून ११ नोव्हेंबरला परतायचं असेल तर १२ सप्टेंबरला. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे मखराला चमकी लावण्याच्या धांदलीत दिवाळीची तिकिटं काढायची आहेत. सकाळी आठला आयआरसीटीसी उघडून बसा. खातं आधारशी आधीच जोडून ठेवा, प्रवाशांची नावं भरून ठेवा. तात्काळचं तिकीट आदल्या दिवशी एसीसाठी दहाला आणि बाकीच्या डब्यांसाठी अकराला सुटतं. दिवाळीत त्यावर भिस्त ठेवणं म्हणजे जुगार.

एसटीने जाणार असाल तर महिलांना अर्धं तिकीट आहे. पहिल्या दिवाळीच्या खर्चात तेवढाच हातभार. खासगी बसचं भाडं मात्र या आठवड्यात ओळखू येत नाही इतकं फुगतं.

रजेचं गणित यंदा बरं जुळलंय. लक्ष्मीपूजन रविवारी. सोमवार, ९ तारीख हा मधला भाकड दिवस. मग पाडवा आणि भाऊबीज. पाडव्याला बहुतेक ऑफिसं बंद असतातच. सोमवार आणि बुधवार अशा दोन रजा टाकल्या तर शनिवारपासून सलग पाच दिवस हातात येतात. अर्ज सप्टेंबरअखेर द्या. टीममध्ये सगळ्यांनाच तेच दिवस हवे असतात आणि नवविवाहितांबद्दलची सहानुभूती पहिल्या वर्षापुरतीच टिकते. ती वापरून घ्या.

भाड्याच्या घरात घट

इथे जरा सविस्तर, कारण यूट्यूबवर मंत्र सगळे सापडतात, पण मातीबद्दल कोणी बोलत नाही.

आदल्या संध्याकाळी गहू किंवा सप्तधान्य भिजत घाला. ते पुडीत तयार मिळतं. बांबूची परडी किंवा पत्रावळ घ्या आणि तिच्याखाली काठ असलेलं जुनं ताट ठेवा. ते ताट विसरलात तर नवव्या दिवशी घरमालकाच्या फरशीवर मातकट वर्तुळ उमटलेलं असतं. काळी माती चाळून दोन-तीन बोटं थर द्या, त्यावर भिजलेलं धान्य पसरा, वरून मातीचा पातळ थर. मधोमध मातीचा घट. त्यात पाणी, सुपारी, नाणं, वर विड्याची किंवा आंब्याची पानं आणि नारळ.

आता पाण्याचं. मातीचा घट सच्छिद्र असतो, तो आपणहून पाझरतो आणि भोवतीच्या मातीला ओल देत राहतो. म्हणून वरून पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं, तेही माती कोरडी वाटली तरच. नवखी मंडळी रोज तांब्याभर पाणी घालतात, मग चौथ्या दिवशी धान्य आंबतं आणि घरभर वास सुटतो. घटातलं पाणी मात्र रोज बघा, कमी झालं तर भरा. तिसऱ्या दिवशी कोंब दिसायला लागतात. आठव्या दिवसापर्यंत ते वीतभर होतात आणि उन्हाअभावी पिवळेधमक राहतात. हिरवे नाहीत म्हणून काळजी करू नका, तसेच हवे असतात. दसऱ्याला हेच धान पुरुष टोपीत किंवा कानावर खोचतात आणि बायका केसांत माळतात.

माळ टांगायला भिंतीत खिळा मारू नका. डिपॉझिट सांभाळा. पडद्याच्या रॉडला दोरा बांधून खाली सोडला की काम होतं, किंवा भांड्यांच्या दुकानात मिळणारा छोटा लोखंडी स्टँड आणा. माळ आदल्या रात्री ओवून ओल्या पंचात गुंडाळून ठेवली की सकाळचा वेळ वाचतो. झेंडू-शेवंती कुठेही मिळते. तिळाची किंवा कारळ्याची फुलं हवी असतील तर पुण्यात मंडईत सकाळी लवकर गेलेलं बरं. फुलं ओवायचं काम नवऱ्याला द्या. लॅपटॉपवरच्या कॉलमध्ये कॅमेरा बंद ठेवून आरामात होतं.

अखंड दिव्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोघंही दहा-दहा तास बाहेर असाल, घराला कुलूप असेल, तर पेटता दिवा मागे ठेवायचा नाही. घरी कोणी असेल तेव्हा समई परातीत ठेवा, वर काचेची चिमणी लावा, पडद्यापासून लांब, पंख्याच्या टप्प्याबाहेर. बाहेर पडताना देवाला सांगून शांत करा आणि संध्याकाळी पुन्हा लावा. हे सासूबाईंना आधी सांगितलं, आणि मुलाने सांगितलं, तर बहुतेक वेळा त्याच म्हणतात, ‘अरे, सकाळ-संध्याकाळ लावलास तरी पुष्कळ.’

उपास, रंग, भोंडला

परीक्षा देणाऱ्याने नऊ दिवस कडक उपास करू नये. उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, करावा. साबुदाणा-बटाटा-शेंगदाणे सलग नऊ दिवस पोटात गेले की पुस्तक उघडल्यावर आधी पित्त उठतं. भगर आणताना जपा. या दिवसांच्या दमट हवेत तिला बुरशी लागते आणि दर नवरात्रात कुठून ना कुठून भगरीच्या विषबाधेची बातमी येते. सुटं पीठ घेऊ नका, सीलबंद पाकिटातली अख्खी भगर आणा, तारीख पाहा, निवडून धुऊन घ्या, लागेल तेवढीच शिजवा. उरलेली रात्रीची भगर सकाळी डब्याला नको.

नऊ रंगांचं फार मनावर घेऊ नका. ते बरेचसे वारावरून ठरतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, असे. शास्त्राशी त्यांचा संबंध नाही. कपाटात जे आहे ते घाला. नव्या नवरीकडे लग्नातल्या साड्या असतात, निदान त्या निमित्ताने घडी मोडते. राखाडी साडी विकत घेण्याची गरज कोणालाच नाही.

भोंडल्याला मात्र जा. सोसायटीत असेल तर तासाभराचं काम आहे. पाटावर हत्ती काढलेला असतो, भोवती फेर, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. शेजारच्या बायकांशी ओळख व्हायला याहून सोपा मार्ग नाही, आणि ती ओळख पुढे किल्ली ठेवायला, दूध घ्यायला, झाडांना पाणी घालायला कामी येते. खिरापत न्यायची पाळी आली तर लोक सहसा आणत नाहीत असं काहीतरी न्या. पेढे नेलेत तर पहिल्याच झटक्यात ओळखतात आणि खेळ संपतो.

खंडेनवमी आणि दसरा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव दुपारपर्यंत चढता असतो. दसऱ्याला सकाळी अकरानंतर उतरतो, पण तोपर्यंत तोरणाशिवाय दार कसं ठेवणार? तेव्हा आदल्या संध्याकाळी सुटी फुलं घ्या. एका दाराला मधे आंब्याची पानं घालून अर्धा ते पाऊण किलो झेंडू पुरतो. ओल्या फुलांचं तोरण रात्री फ्रीजमध्ये कोंबू नका, टोपलीत मोकळं ठेवा. गोधडी शिवायची मोठी सुई आणि जाड दोरा आधी आणून ठेवा. रात्री दहाला सुई शोधणारी जोडपी मी पुष्कळ पाहिली आहेत.

शस्त्रपूजनाला आपली शस्त्रं कोणती? स्कूटर, लॅपटॉप, सुरी, मिक्सर, शिकणाऱ्याची पुस्तकं. पाटीवर एक-एकच्या आकड्यांची सरस्वती काढा. शिकणाऱ्याने त्या दिवशी पुस्तकं पूजेत आहेत या सबबीखाली अभ्यास बुडवायला हरकत नाही. ती सबब वर्षातून एकदाच मिळते. लॅपटॉपवर हळद-कुंकू बोटाच्या टोकाएवढंच वाहा आणि कीबोर्डपासून लांब. अक्षता बटणांच्या फटीत जातात आणि निघत नाहीत.

सोनं द्यायला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांकडे जायचं असतं. गाव लांब असेल तर गावातल्याच आत्या-मामांकडे, निदान एका घरी, जोडीने जा. आपट्याच्या नावाखाली बाजारात कांचनाची पानं सर्रास विकतात. आपट्याचं पान जाडसर, लहान आणि रुंदीला जास्त असतं. पण फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणलेल्या गठ्ठ्यांपेक्षा प्रत्येकाला एक पान दिलेलं चांगलं.

कोजागिरी

ही सोपी. यंदा रविवारी आहे, दुसऱ्या दिवशी ऑफिस, म्हणून फार जागरण नको. एक लिटर दूध पाऊण होईपर्यंत आटवा. साखर, केशर, वेलची, थोडं जायफळ, चारोळी. जायफळ बेताने, नाहीतर शिकणारी व्यक्ती अकरालाच आडवी होते. गच्चीवर जा, दुधात चंद्र बघा, प्या, झोपा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दोघांपैकी जो घरातला थोरला असेल त्याची आज आश्विनी असते. आई ज्येष्ठ अपत्याला ओवाळते, नवं वस्त्र देते. लग्न झालेल्या मुलाला-मुलीलाही आई बोलावते. जाता येत नसेल तर संध्याकाळी स्वतःहून व्हिडिओ कॉल करा. तिच्या फोनची वाट पाहू नका.

फराळ: दोन पदार्थ घरी, बाकीचे विकत

पहिल्या दिवाळीला सगळा फराळ घरी करायचा, हा हट्ट परीक्षेच्या महिन्यात सोडा. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाळवून, कुटून, गुळात मुरवायचे असतात. चकलीचं मोहन थोडं चुकलं की ती तेलात विरघळते किंवा दाताला लागते. हे पदार्थ ओळखीच्या बचत गटाकडून किंवा घरगुती करणाऱ्या काकूंकडून घ्या. ऑर्डर दसऱ्याच्या आसपास द्या. नोव्हेंबर उजाडल्यावर त्या घेत नाहीत आणि घेतलीच तर लाडू मऊ येतात.

घरी करायचा चिवडा आणि शंकरपाळी. चिवड्याने घरात दिवाळीचा वास येतो आणि तो सहसा बिघडत नाही. सहसा म्हटलं, कारण एका कारणाने हमखास बिघडतो, ते पुढे सांगते.

अर्धा किलो पातळ पोहे. ते चाळून घ्या, नाहीतर तळाशी भुगा राहतो आणि जळतो. ऊन असेल तर तासभर उन्हात, नसेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर परता. दोन बोटांत चुरडून कुर्रकन मोडला की झाला. पोहा आकसून गोळा झाला तर आच मोठी होती. पोहे बाजूला काढा. त्याच कढईत तेल, त्यात आधी शेंगदाणे, मग खोबऱ्याचे काप, मग डाळं. प्रत्येक गोष्ट तळून वेगळी काढा, कारण प्रत्येकीचा वेळ वेगळा. आता उरलेल्या तेलात मोहरी, हिंग, मिरचीचे तुकडे आणि कढीपत्ता.

खोट इथे होते. मिरची आणि कढीपत्ता यांच्यात पाणी असतं. ते पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत मंद आचेवर ठेवले नाहीत, तर डबा बंद झाल्यावर तेच पाणी पोह्यांत उतरतं आणि दोन दिवसांत चिवडा सादळतो. म्हणून कढीपत्ता आदल्या दिवशी धुऊन कापडावर वाळत टाका. मिरची तळताना बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हात आवरा. मग हळद, लगेच गॅस बंद, मीठ, पोहे, तळलेला ऐवज, आणि शेवटी, सगळं कोमट झाल्यावर, पिठीसाखर. डब्यात भरायचा तो पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी.

शंकरपाळी रविवारी दुपारी दोघांनी मिळून करा. एकाने लाटायचं-कातायचं, दुसऱ्याने तळायचं. तळणाऱ्याच्या हातात मोबाइल नको.

दिवाळसण आणि दोन घरं

पहिली दिवाळी जावयाची सासरी, हा रिवाज. पहाटेचं अभ्यंगस्नान, उटणं, औक्षण, आहेर, सगळं तिथे. पण एकुलता एक मुलगा असेल तर त्याच्या घरीही आईवडील दिव्यांच्या झगमगाटात एकटे बसलेले असतात. दोन्हीकडे एकुलती एक असतील तर गोष्ट आणखी अवघड.

यंदा मधल्या सोमवारमुळे वाटणी सोपी झाली आहे. उदाहरणार्थ, राहणं पुण्यात, सासर साताऱ्याला, माहेर नाशिकला. शनिवारी नाशिकला जा. रविवारी पहाटे पहिली आंघोळ, संध्याकाळी तिथेच लक्ष्मीपूजन. सोमवारी नाशिकहून पुण्यामार्गे साताऱ्याला. मंगळवारी पाडवा तिकडे. बुधवारी सकाळी नणंदेची भाऊबीज उरकून पुण्याला. पत्नीच्या भावाने मात्र संध्याकाळी पुण्याला यायचं, हे त्याला आधी सांगा. भाऊबीजेला दरवेळी बहिणीनेच धावायचं असं कुठे लिहिलंय? पूर्वी भाऊच बहिणीच्या घरी जात असे.

परीक्षा ऐन या आठवड्यात असेल तर हा सगळा बेत गुंडाळा. पुण्यातच थांबा आणि दोन्हीकडच्या आईवडिलांना तुमच्याकडे बोलवा. घर लहान असेल, गाद्या कमी पडतील, पण दोन्ही व्याही एकत्र आले की ते एकमेकांत रमतात आणि शिकणाऱ्याला बेडरूमचं दार लावून बसता येतं. दिवाळसण पुढच्या वर्षी किंवा सुट्टीत केला तरी चालतो. आहेर कुठे पळून जात नाही.

पहिल्या आंघोळीचं सामान शनिवारीच काढून ठेवा: तेल, उटणं, मोती साबण, नवे कपडे, आणि कारीट, म्हणजे छोटं हिरवं कडू रानफळ. नरकासुर म्हणून ते डाव्या पायाच्या अंगठ्याने तुळशीपुढे फोडायचं. शहरात वाढलेल्या जावयाचं ते पहिल्या दाबात घसरून कुठेतरी जातं. टाचेवर भार देऊन जोरात दाबायचं. ८ तारखेला सूर्योदय साडेसहानंतर आहे, तेव्हा पाचला उठलात तरी सावकाश होतं.

लक्ष्मीपूजन घरी करत असाल तर साळीच्या लाह्या, बत्तासे आणि नवी केरसुणी शुक्रवारीच आणा. रविवारी दुकानांत उभं राहायला जागा नसते. धनत्रयोदशीला नैवेद्य धने-गुळाचा, तो घरात असतोच.

पाडवा हा तुम्हा दोघांचा दिवस. पत्नी ओवाळते, नवरा ओवाळणी घालतो. पहिल्या पाडव्याला नवऱ्यावर काहीतरी मोठं घेण्याचं दडपण येतं. सराफाच्या जाहिराती बघून हप्त्यांवर दागिना घेऊ नका. शिकणाऱ्या बायकोला पुढच्या सत्राची फी ओवाळणीत घातलेली मी पाहिली आहे आणि ती ओवाळणी तिला मनापासून आवडली होती. शिकणारा नवरा असेल आणि पगार बायकोचा असेल तर? ओवाळणीत नाणं आणि सुपारी घाला, आणि त्या दिवसाचा स्वयंपाक करा.

पैशांचं

सासू-सासरे आणि आईवडिलांचे कपडे, नणंद, भाऊ, भाचरं यांची यादी आधी होतेच. जी यादी राहून जाते ती अशी: घरकामाच्या ताई (एका पगाराएवढा बोनस अशी बऱ्याच ठिकाणी रीत आहे), कचरा नेणारे, वॉचमन, पेपरवाला, दूधवाला. पाकिटं दसऱ्यालाच भरून ठेवा. बोनस नोव्हेंबरच्या पगारात येतो आणि दिवाळी त्याआधी संपते, असं यंदा अनेकांचं होणार आहे. दोन्ही घरच्या आहेराची रक्कम सारखी ठेवा आणि ती दोघांनी मिळून ठरवा. कोणाच्या आईला किती महाग साडी, हा हिशेब वर्षभर पुरतो.

तुळशीचं लग्न

सगळं आटोपतं तोपर्यंत परीक्षा संपलेली असते, आणि तुळशीचं लग्न कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही चालतं. यंदा शनिवार, २१ नोव्हेंबर ते मंगळवार, २४ नोव्हेंबर. शनिवार-रविवार आहे, मित्रमैत्रिणींना बोलवा. कुंडी गेरूने रंगवा, उसाचा मांडव करा, बोरं-चिंचा-आवळे ठेवा, मंगलाष्टकं फोनवर लावा, अक्षता वाटा. जेवायला उरलेला चिवडा आणि चहा पुरतो. लग्नानंतर आपल्याच घरी पहिलं लग्न लावताना नवऱ्याने अंतरपाट धरायचा. तो नसेल तर धुतलेली उशीची खोळ चालते.

आणि दोन्ही घरांहून आलेले फराळाचे स्टीलचे डबे घासून, झाकणांवर कोणाचे ते चिकटपट्टीवर लिहून, पुढच्या खेपेला न्यायला दाराजवळच्या पिशवीत भरून ठेवा. रिकामे पाठवायचे नसतात. दुसरं काही नसेल तर मूठभर साखर घाला.